उसना ऑसिलेटर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्मी एकाच गोष्टीभोवती फिरतात: टेबलावरचं टेस्टिंगचं उपकरण, म्हणजे सिग्नल जनरेटर, घरगुती हॅम (हौशी रेडिओवाल्यांच्या) रिसीव्हरमध्ये ऑसिलेटर (ठरावीक फ्रिक्वेन्सीचा सिग्नल पुरवणारा भाग) म्हणून जुंपलं तर चालतं का? म्हणून हा अंक त्याच पत्रांना दिला आहे. इन्व्हर्टर आणि मिक्सर-ग्राइंडरवाल्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत कळ काढावी.

प्रश्न : काका, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ७ मेगाहर्ट्झसाठी डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हर बनवलाय. पुढे एक एसए ६१२ (दोन सिग्नल मिसळणारी मिक्सर चिप), मागे एलएम ३८६ (ऑडिओ अँप्लिफायर चिप), बास. पीव्हीसी गँग (प्लास्टिकचा फिरवायचा कॅपॅसिटर) लावून केलेला व्हीएफओ, म्हणजे ट्यून करता येणारा ऑसिलेटर, दर दोन मिनिटांनी सरकतो. मामाचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, तिथला जुना आरएफ सिग्नल जनरेटर उसना आणून व्हीएफओच्या जागी जोडला. लगेच माणसांचे आवाज आले! पण मागे जोराचं हमिंग आहे, आणि रात्री सगळीकडे खरखर वाढते. शिवाय मित्र म्हणतो, ही चीटिंग आहे, मग रिसीव्हर ‘होमब्रू’ कसला? जनरेटर ठेवू की काढू? (भांडुप)

उत्तर : आधी मित्राचा निकाल लावू. चाळीत उसनी साखर आणून केलेला चहा आपलाच असतो. साखर परत करायची, एवढंच. इमारत उभी राहीपर्यंत परांची लागते आणि परांचीवर उभं राहिलं म्हणून गवंड्याला कुणी चोर म्हणत नाही. विक्रोळीच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं मीटर आणि जनरेटर कॅलिब्रेट करत होतो, आणि घरी बनवलेल्या माझ्या प्रत्येक रिसीव्हरने पहिला आवाज काढला तो उसन्या ऑसिलेटरवरच.

तू नकळत एक फार मोलाची चाचणी केली आहेस. डायरेक्ट कन्व्हर्जनमध्ये एरियलवरून आलेला सिग्नल आणि आपल्या ऑसिलेटरचा सिग्नल मिक्सरमध्ये एकमेकांना भेटतात आणि त्यांच्यातला फरक थेट कानावर येतो. ऑसिलेटर ७१०० किलोहर्ट्झवर आणि समोरचा मोर्स पाठवणारा ७१०१ वर असेल, तर तुला एक किलोहर्ट्झची शिट्टी ऐकू येणार. जनरेटर लावताच माणसं बोलू लागली, याचा अर्थ तुझा मिक्सर, फिल्टर आणि ऑडिओ ठीक आहेत. आजार फक्त व्हीएफओत आहे. नाहीतर पोरं महिनोन्महिने चांगला ३८६ उपटून नवा लावत बसतात.

आता जोडणी. एसए ६१२ च्या सहा नंबरच्या पिनेला ०.००१ मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून सिग्नल द्यायचा, सात नंबरची पिन मोकळी सोडायची. किती द्यायचा? स्कोपवर टोकापासून टोकापर्यंत २०० ते ३०० मिलिव्होल्ट. कमी दिलास तर रिसीव्हर बहिरा होतो. जास्त दिलास तर स्टेशनं वाढत नाहीत, नको तिथे नको ते ऐकू येतं. इथे एक खोच आहे. जनरेटरच्या डायलवरचा आकडा ५० ओहमचा भार गृहीत धरून लिहिलेला असतो, आणि सहा नंबरच्या पिनेचा इनपुट कित्येक हजार ओहमचा. भार नाही म्हटल्यावर प्रत्यक्ष व्होल्टेज डायलच्या दुप्पट होतं. म्हणून केबलच्या टोकाला, अगदी बोर्डावर, ५१ ओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोड. मग डायल खरं बोलतो. मामाच्या जनरेटरवर ‘कमाल १०० मिलिव्होल्ट’ लिहिलं असेल, तर ते बहुतेक आरएमएस (एक प्रकारची सरासरी) असेल. टोकापासून टोकापर्यंत ते साधारण २८० होतात, म्हणजे नॉब पूर्ण उघडून तुझं काम जेमतेम भागतं. उद्या तू चार डायोडचा रिंग मिक्सर केलास, तर मात्र त्याला +७ डीबीएम (डीबीएम हे सिग्नलची शक्ती मोजायचं एकक) लागतात, म्हणजे ५० ओहमवर टोकापासून टोकापर्यंत साधारण १.४ व्होल्ट. तिथे हा जनरेटर एकटा पुरणार नाही, मध्ये एका ट्रान्झिस्टरचा अँप्लिफायर घालावा लागेल.

आणि मॉड्युलेशनचा (सिग्नलवर चाचणीचा सूर चढवणारा) स्विच बंद आहे ना? हसू नकोस. माझ्या पहिल्या रिसीव्हरच्या वेळी अख्खी संध्याकाळ बँडभर एकच शिट्टी ऐकत बसलो होतो, कुठेही ट्यून करा, तीच. कॉइल उलगडून पुन्हा गुंडाळली. शेवटी वडिलांनी चष्मा कपाळावर सरकवत विचारलं, “तो ४०० हर्ट्झ लिहिलेला खटका कशाला रे?”

आता हमिंग. तुझ्या पत्रातला खरा मुद्दा तोच आहे.

तुला वाटेल की जनरेटरचा पॉवर सप्लाय खराब आहे, आतला फिल्टर कॅपॅसिटर सुकलाय. असेलही. पण आधी हे करून बघ. रिसीव्हर ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालव. मग एरियल काढून त्या जागी ५१ ओहमचा रेझिस्टर लाव. हमिंग तसंच राहिलं तर दोष सप्लायचा किंवा ऑडिओच्या वायरिंगचा. हमिंग गेलं आणि एरियल लावताच परत आलं, तर मामला वेगळा. पैजेवर सांगतो, तुझं हेच निघेल.

मग होतं काय? जनरेटरचा ७ मेगाहर्ट्झचा सिग्नल फक्त केबलच्या आतूनच येतो असं नाही. थोडा केबलच्या बाहेरच्या जाळीवरून आणि जनरेटरच्या मेन वायरीवरून घरच्या वायरिंगमध्ये उतरतो. तिथे तो रेक्टिफायरच्या डायोडांपर्यंत पोचतो. जनरेटरच्या स्वतःच्या, शेजारच्या चार्जरच्या, कुणाच्याही. हे डायोड सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतात, त्यामुळे त्या सिग्नलवर १०० हर्ट्झचा ठसा उमटतो. मग तोच सिग्नल वायरिंगमधून हवेत जातो, आणि तुझा एरियल तो इमाने इतबारे पकडून मिक्सरला आणून देतो. ऑसिलेटरची आणि त्याची फ्रिक्वेन्सी एकच, त्यामुळे फरक उरतो तो नुसता १०० हर्ट्झचा ठसा. म्हणून हे हमिंग बँडवर कुठेही गेलं तरी पाठ सोडत नाही, आणि एरियलचा ट्रिमर (जुळवणीचा छोटा कॅपॅसिटर) फिरवला की कमीजास्त होतं. सप्लायचं हमिंग ट्रिमरला दाद देत नाही.

मला हे कळलं ते अपघाताने. टेबलाखाली पडलेली जनरेटरची वायर गोळा करून हातात धरली तर हमिंग निम्मं झालं. सोडली, पुन्हा वाढलं. पंधरा मिनिटं मी वायर धरतोय नि सोडतोय, बायको दारातून बघतेय.

उपाय तीन, आणि याच क्रमाने कर. पहिला: जनरेटरची मेन वायर फेराइटच्या रिंगमधून सात-आठ वेढे घालून ने. दुसरा, आणि सगळ्यात गुणकारी: जनरेटर आणि रिसीव्हर यांच्यात छोटा ट्रान्सफॉर्मर घाल, म्हणजे दोघांचं ग्राउंड एकमेकांना थेट चिकटणार नाही. त्यासाठी दुकान शोधू नकोस. गच्चीवरच्या जुन्या टीव्ही अँटेनाच्या डबीत दोन भोकांचा फेराइटचा तुकडा असायचा, ज्याला आपले मेकॅनिक ‘बलून’ म्हणतात. मामाच्या खोक्यात असे पाच-दहा पडलेले असतील. जुनी तार काढून टाक, दोन्ही भोकांतून पातळ इन्सुलेटेड तारेचे पाच वेढे एका बाजूला, पाच दुसऱ्या बाजूला. सात मेगाहर्ट्झला तेवढे भरपूर. तिसरा उपाय जनरेटरच्या आत आहे: ब्रिजच्या प्रत्येक डायोडवर ०.०१ मायक्रोफॅरडचा, पुरेशा व्होल्टेजचा डिस्क कॅपॅसिटर. हे मामाला करू दे, तू नाही. आत मेन आहे.

हमिंग घालवायला प्लगची तिसरी पिन मोडायची नाही. हा सल्ला तुला लॅमिंग्टन रोडवर कुणीतरी नक्की देईल. देणाऱ्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा.

रात्रीच्या खरखरीची गोष्ट निराळी. चांगल्या ऑसिलेटरची फ्रिक्वेन्सी म्हणजे टोकदार बोरूने काढलेली रेघ. वाईट ऑसिलेटरची रेघ स्वस्त कागदावरच्या शाईसारखी फुटते, दोन्ही बाजूंना पसरते. बँडवर शेजारी कुणी जोराचा नसेल तर फुटलेली शाई दिसत नाही. पण ७२०० किलोहर्ट्झच्या वर प्रसारण केंद्रांचा मुलूख सुरू होतो आणि रात्री त्यांचा जोर विचारू नकोस. ती केंद्रं तुझ्या ऑसिलेटरच्या रेघेशी नाही, तर त्या पसरलेल्या शाईशी मिसळतात, आणि तू ७१५० वर असलास तरी कानात खरखर ओतली जाते. याला रेसिप्रोकल मिक्सिंग म्हणतात. (पूर्वी ७१०० च्या वरही प्रसारण केंद्रंच असायची. २९ मार्च २००९ पासून आपल्या भागात ७१०० ते ७२०० हा पट्टा त्यांनी रिकामा केला. त्याआधी रात्रीचा ४० मीटर (हाच ७ मेगाहर्ट्झचा हॅम पट्टा) म्हणजे गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत कुजबुज ऐकण्याचा प्रकार होता.)

खरखर जनरेटरची की आकाशातली, हे घरबसल्या तपासता येतं. जुन्या कॉम्प्युटर बोर्डांवर ७.३७२८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल मिळतो. त्याचा एका ट्रान्झिस्टरचा ऑसिलेटर कर, एरियल काढ, आणि तो सिग्नल मोठ्या रेझिस्टरमधून बराच कमी करून एरियलच्या जागी दे. जनरेटर त्यापासून १५-२० किलोहर्ट्झ बाजूला लाव, म्हणजे शिट्टी कानाला ऐकू येणार नाही. आता क्रिस्टलचा सप्लाय चालू-बंद कर. चालू केल्यावर खरखर वाढत असेल, तर शाई फुटतेय. वाढत नसेल तर दोष जनरेटरचा नाही, इमारतीतल्या एलईडी दिव्यांचा आणि लिफ्टचा आहे. त्याला माझ्याकडे औषध नाही.

एक त्रास तू लिहिला नाहीस, पण होत असणार. अशा जनरेटरची एक रेंज समज ३ ते १० मेगाहर्ट्झ, आणि डायल अर्धा फेरा. म्हणजे आपला ७००० ते ७२०० चा अख्खा पट्टा डायलच्या जेमतेम पाच अंशांत आला. एका माणसाचा आवाज धरायचा तर श्वास रोखून नॉबला हात लावायचा! जनरेटरला बाहेरून एफएम मॉड्युलेशन देण्याचं सॉकेट असेल आणि ते डीसी स्वीकारत असेल, तर तिथे बॅटरी आणि पोटेन्शिओमीटर लावून फाइन ट्यूनिंग मिळतं. नसेल तर डायलला घट-गतीचा (डायल हळू फिरवणारा) नॉब बसव. आणि ऐकायला बसण्याआधी अर्धा तास जनरेटर चालू ठेव. सात मेगाहर्ट्झवर नुसता १०० हर्ट्झ सरकला तरी माणसाचा आवाज बदलतो आणि १०० हर्ट्झ म्हणजे दहा लाखांत चौदा भाग. दुरुस्तीच्या दुकानासाठी बनवलेल्या यंत्राकडून ही अपेक्षा जास्तच आहे, त्याला कधी कुणी एका जागी तासभर उभं राहायला सांगितलंच नव्हतं.

तर ठेवू की काढू? आत्ता ठेव. त्याच्यावर रिसीव्हर पुरा कर. कुठल्या व्होल्टेजला मिक्सर सर्वांत गोड वाजतो ते वहीत लिही. मग व्हीएफओकडे वळ: पीव्हीसी गँग काढून हवेचा गँग, कॉइलजवळचे साधे सिरॅमिक डिस्क काढून एनपीओ किंवा पॉलिस्टिरीन कॅपॅसिटर (उष्णतेने कमी बदलणारे), स्वतंत्र ७८एल०५ (५ व्होल्टचा रेग्युलेटर) आणि सगळ्याला पत्र्याची डबी. कॉइलसाठी टोरॉइड (कड्यासारखा गाभा) मिळाला नाही म्हणून अडू नको. हैदराबादच्या अशर फरहान यांनी आपला बिटएक्स २० हा ट्रान्सीव्हर (ऐकणारा आणि पाठवणारा एकत्र) बनवला तेव्हा नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळली होती, आणि त्या सर्किटवर जगभरच्या लोकांनी ट्रान्सीव्हर उभे केले. तुझा व्हीएफओ वहीतल्या व्होल्टेजला आला आणि जनरेटरशी अदलाबदल करून कानाला फरक कळेनासा झाला, की जनरेटर पुसून मामाला परत.

प्रश्न : सर, मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले. वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ अजून चालतो, ४१ मीटरचा पट्टाही लागतो. तिथे हॅम मंडळी बोलताना सापडतात, पण बदक बोलल्यासारखं ऐकू येतं. शाळेने मोडीत काढलेला २ मेगाहर्ट्झचा फंक्शन जनरेटर माझ्याकडे आहे. तो ७ मेगाहर्ट्झपर्यंत पोचत नाही, म्हणजे निरुपयोगीच ना? (विलेपार्ले)

उत्तर : बाई, उलट तुमचाच प्रयोग सगळ्यांत मजेचा आहे. जनरेटरला सात मेगाहर्ट्झपर्यंत जायची गरजच नाही.

हॅम मंडळी सिंगल साइडबँडवर बोलतात. त्यात कॅरिअर लहर पाठवणाराच काढून टाकतो. घरचा रेडिओ त्या कॅरिअरच्या आधाराने आवाज सोडवतो, तो मिळाला नाही की बदक होतं. आपण तो कॅरिअर घरीच बनवून द्यायचा. तुमचा रेडिओ येणारं प्रत्येक स्टेशन आधी स्वतःच्या आयएफवर (आतल्या एका ठरावीक फ्रिक्वेन्सीवर) आणतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच रेडिओंमध्ये ती ४५५ किलोहर्ट्झच्या आसपास असते. तुमचा जनरेटर तिथे आरामात पोचतो. साइन वेव्ह, ४५५ किलोहर्ट्झ.

आता नीट वाचा, कारण इथे चूक परवडत नाही. जनरेटरची वायर रेडिओच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) किंवा कुठल्याही टोकाला जोडायची नाही. जुन्या बऱ्याच व्हॉल्व्ह रेडिओंमध्ये ट्रान्सफॉर्मरच नसायचा, चासी थेट मेनवर असायची. प्लग उलटा बसला की चासीत २३० व्होल्ट. म्हणून नुसती प्लॅस्टिक कव्हरची हुकअप वायर घ्या. एक टोक जनरेटरच्या आउटपुटच्या मधल्या पिनेला, दुसरं टोक टेपने बंद केलेलं. रेडिओ बंद आणि प्लग काढलेला असताना मागच्या बाजूने ते शेवटच्या आयएफ व्हॉल्व्हच्या काचेजवळ आणून ठेवा. काच तापते, त्यामुळे चिकटवू नका. मागचं झाकण परत लावा, मगच प्लग. स्पर्श न होताही पुरेसा सिग्नल पाझरतो.

हॅमचं स्टेशन लावा, जनरेटरचं आउटपुट शून्यापासून हळूहळू वाढवा. एका जागी बदकाचा माणूस होतो! तिथेच थांबा. आणखी वाढवलंत तर रेडिओच्या एव्हीसीला (आवाज आपोआप सांभाळणाऱ्या सर्किटला) वाटतं की जबरदस्त स्टेशन आलं, आणि तो स्वतःच आवाज खाली ओढतो. मग हळू हाताने जनरेटर दोनेक किलोहर्ट्झ इकडे-तिकडे करून बघा, एका बाजूला आवाज खणखणीत लागतो. रेडिओ तापेपर्यंत तो स्वतःच सरकत राहील, त्यामुळे पहिला अर्धा तास नॉबवरचा हात काढता येणार नाही. सकाळी आठच्या आसपास करा, त्या वेळी ४० मीटरवर आपल्याकडची मंडळी गप्पांना बसलेली असतात.

पहिला आवाज सुटला की मला कळवा, एवढी विनंती.

प्रश्न : भंगारवाल्याकडे एचपी ८६४०बी सिग्नल जनरेटर पाहिला. चालू होतो. भाव घासून कमी होईल. १४ मेगाहर्ट्झच्या सुपरहेट (सिग्नल आधी आयएफवर आणणाऱ्या) रिसीव्हरसाठी ऑसिलेटर म्हणून घेऊ का? की आजकालचा छोटा डीडीएस (डिजिटल पद्धतीने सिग्नल बनवणारा) जनरेटर घेऊ? (चिंचपोकळी)

उत्तर : उचलता येत असेल तर घ्या. वीसेक किलोचं धूड आहे, तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय राहत असाल तर आधी मुलाला विचारा.

सत्तरच्या दशकातलं हे यंत्र आजही नावाजलं जातं ते त्याच्या शांतपणासाठी. आत एक पोकळीचा ऑसिलेटर आहे, तो साधारण २५६ ते ५१२ मेगाहर्ट्झमध्ये चालतो. खालच्या सगळ्या रेंज त्यालाच दोनाने भागत भागत मिळवल्या आहेत. प्रत्येक वेळी दोनाने भागलं की ऑसिलेटरच्या आजूबाजूचा गोंगाट तत्त्वतः ६ डीबीने उतरतो. तुमचा आयएफ ९ मेगाहर्ट्झचा असेल, तर १४ ते १४.३५ साठी ऑसिलेटर ५ ते ५.३५ हवा. ती रेंज ४ ते ८ ची, म्हणजे सहा वेळा भागलेली. कागदावर ३६ डीबी झाले. प्रत्यक्षात भागाकार करणाऱ्या सर्किटांचा स्वतःचा गोंगाट एका पातळीच्या खाली जाऊ देत नाही, तरी वर सांगितलेली फुटलेली शाई इथे शोधून सापडणार नाही. आउटपुट +१९ डीबीएमपर्यंत मिळतं, त्यामुळे डायोड रिंग मिक्सर थेट चालतो. एसए ६१२ वाल्यांनी मात्र अ‍ॅटेन्युएटर आधी खाली आणावा, मग केबल लावावी.

घेताना रेंजचा स्विच सगळ्या जागांवर फिरवून बघा. आतले प्लास्टिकचे गिअर वयोमानाने तडकतात, आणि मग नॉब फिरतो पण रेंज नाही.

डीडीएसवाला हलका, स्थिर, दहा-दहा हर्ट्झने ट्यून होणारा. शिकायला उत्तम. त्याचे दोष वेगळे: मुख्य सिग्नलच्या आसपास कुठेही पिल्लं (नको असलेले छोटे सिग्नल) असतात, आणि ट्यून करताना मधेच एखादी शिट्टी येते जी कुठल्याच स्टेशनची नसते. चौकोनी वेव्ह देणारा असेल तर तिसरा हार्मोनिक लक्षात ठेवा. ७.१६ ला लावलात की २१.४८ वरचं १३ मीटरचं प्रसारणही आत डोकावतं, पुढे फिल्टर नसेल तर. शिवाय दोन पिनांचा अडॅप्टर असलेल्या काही यंत्रांच्या बीएनसीच्या (केबल लावायच्या सॉकेटच्या) धातूला हात लावला की झिणझिण्या येतात. तिथे मेनच्या निम्मं व्होल्टेज अगदी क्षीण प्रवाहाने तरंगत असतं. माणसाला सहसा नुसता चटका, पण मिक्सरची चिप जाऊ शकते. दोन्ही यंत्रांची ग्राउंड आधी जोडा, मग प्लग लावा.

माझं मत विचाराल तर गोंगाटाचा आणि पिल्लांचा विचार करता जुनं धूड. घरात शांतता हवी असेल तर छोटं.

प्रश्न : ट्यूनिंग कुठेही फिरवलं तरी आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ऐकू येते. ऑसिलेटर म्हणून सिग्नल जनरेटर वापरतोय. तो बिघडलाय का? (मालाड)

उत्तर : जनरेटरची केबल काढा. तरी अस्मिता चालू आहे? मग त्याचा काय दोष? मी चारकोपला राहतो, मालवणीच्या आकाशवाणीच्या मनोऱ्यांचा शेजारी. आपल्याकडे अस्मिताचा ५५८ किलोहर्ट्झचा सिग्नल इतका जोरदार असतो की मिक्सर त्याला ऑसिलेटरशिवायच सोडवतो. एरियल आणि मिक्सर यांच्यामध्ये मध्यम लहरी अडवणारा हाय-पास फिल्टर घाला: मालिकेत दोन कॅपॅसिटर, मधून ग्राउंडला एक कॉइल. आणि ऑडिओच्या इनपुटची वायर शिल्डेड करा. तोवर मराठी कार्यक्रम ऐका, वाईट नसतात.

प्रश्न : डिप मीटर ऑसिलेटर म्हणून चालेल? (घाटकोपर)

उत्तर : डिप मीटर म्हणजे कॉइलची फ्रिक्वेन्सी शोधणारं छोटं उपकरण, त्यातही ऑसिलेटर असतो. एखादी संध्याकाळ चालेल. कॉइल मिक्सरच्या कॉइलपासून चार बोटं लांब ठेवा, चिंध्यांनी टेकवून पक्का करा, कारण हात जवळ नेला तरी फ्रिक्वेन्सी हलते. पंखा बंद.

प्रश्न : जनरेटरचं आउटपुट उलट एरियलला देऊन मित्राच्या रिसीव्हरची टेस्ट घेतली तर? तो दोन गल्ल्या सोडून राहतो. (मुलुंड)

उत्तर : नाही. जनरेटरने +१३ डीबीएम दिले तरी ते २० मिलिवॉट, आणि एरियलवर गेलेले २० मिलिवॉट हे प्रक्षेपणच. त्याला परवाना लागतो. एरियलऐवजी डब्यात बंद केलेला रेझिस्टर जोडा आणि मित्राला घरी बोलवा, रिसीव्हर घेऊन.